मिठाला जागणं

रात्री अडीचला डिपोतून फोन येतो:
नेव्हिल, उणे चार.
बाबा झोपेतच विजार चढवतो,
थर्मास भरतो, जिना उतरताना
करकरणारी पायरी तेवढी चुकवतो.
मग पिवळ्या ट्रकमध्ये नऊ टन मीठ घेऊन
वेअरडेलच्या सगळ्या चढांवर ते पेरत जातो.
उगवत काहीच नाही.
तेच त्याचं पीक.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आमच्या घरी ते शब्दशः.

सकाळी सातला त्याच रस्त्यावरून
माझी बस खाली उतरते.
पुस्तक मांडीवर उघडं, मी झोपलेली,
चाकांखाली मीठ चुरचुरतंय.
दोन बस बदलून संडरलंड.
इंग्रजी साहित्य आणि लेखन, वर्ष दुसरं.
इंग्रजी? रॉनीकाका म्हणाला होता,
ती तर येतेच की तुला!

येते कुठे.
पहिल्याच आठवड्यात कळलं,
बाकीचे बोलतात ती भाषा,
मी बोलते तो नमुना.
किती गोड हेल आहे गं तुझा, ऑटिली म्हणाली,
आणि पुढे महिनाभर
मी ओठ मिटून नोट्स घेतल्या.
एकदा घरी जेवताना जीभ घसरली,
ऑटिलीचे लांबलचक स्वर माझ्या तोंडून बाहेर पडले,
तेव्हा आईने बटाट्यांचं भांडं
निमूट माझ्यापुढून मागे ओढलं.

गुरुवारी दोन ते चार कार्यशाळा.
जिची कविता, तिने बोलायचं नाही, असा नियम.
टेबलावर आपली कविता उताणी,
भोवती बारा जण, बारा पेन्सिली,
आणि आपण तोंड शिवून
स्वतःच्या पोस्टमॉर्टेमला हजर.
इफेओमा म्हणाली, तिसरी ओळ खरी. बाकी लग्नातला मांडव.
डॉक्टर हॅलमनी बर्फाला लावलेली
माझी पाचही विशेषणं खोडली,
समासात लिहिलं:
हा बर्फ पडतोय कुणाच्या अंगावर?

त्या प्रश्नाकडे मी बघत बसले.
अडीचला फोन वाजला.

नियमात बसत नाही, पण बाबा म्हणाला, चढ.
केबिनमध्ये हीटर, ओल्या हातमोज्यांचा वास,
मागे मिठाची चक्री गरगरतेय.
मी वही काढली.
रस्त्यावर असतो पण दिसत नाही, त्या बर्फाला काय म्हणता?
काळा बर्फ.
आणि दिसतो त्याला?
त्याला नाव कशाला हवं, बाबा म्हणाला,
तो दिसतोच की.

दोन वर्षांची फी भरून
इतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं,
असं मी वहीत लिहिलं.
मग खोडलं.
हॅलमनी सांगितलं होतं. ऐकू आलं नव्हतं.

चर्चच्या पुढच्या वळणावर त्याने वेग कमी केला,
खटका दाबून मीठ जरा जास्त सोडलं.
कुंपणाला प्लॅस्टिकची फुलं बांधलेली,
दिव्यात आली, गेली.
बाबा काही बोलला नाही.
मी विचारलं नाही.
थर्मासचं झाकण भरून त्याने चहा पुढे केला,
तो माझ्या हातात बराच वेळ हलत राहिला.

गुरुवारी नवी कविता नेली.
विशेषण एकही नाही. बर्फही नाही.
एक वळण, एक खटका,
आणि सकाळी त्या रस्त्यावरून
पुस्तक मांडीवर घेऊन झोपून गेलेली एक मुलगी.

इफेओमाने पेन्सिल खाली ठेवली.
ऑटिलीने कागद उलटून पाहिला,
मागे काही उरलंय का म्हणून.
छान आहे, ती म्हणाली,
पण यात काही घडतच नाही.

नियम होता, म्हणून गप्प बसले.
नसता तरी.